पेट स्कॅनमुळे आईचे डोळे बिघडले का? आई पुढचा स्कॅन करायला तयार नाही

कृष्णाकाठची
४ डिसेंबर, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय इथे, लिहायची वेळ पहिल्यांदाच आलीय. जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

माझी आई, वय ६२, आम्ही सांगलीचे. गेल्या वर्षी काखेतली गाठ काढून तपासली तर लिम्फोमा निघाला, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, बी सेलचा, भराभर वाढणारा. आर-चॉप नावाच्या औषधांच्या सहा केमो झाल्या, दर २१ दिवसांनी एक. पेट स्कॅन, म्हणजे कॅन्सर अंगात कुठे आहे ते बघायचा स्कॅन, तीन झाले, एक सुरुवातीला, एक दोन केमोनंतर आणि एक सगळं संपल्यावर, शिवाय त्याच्याही आधी पोटाचा एक साधा सीटी. शेवटचा रिपोर्ट एकदम क्लिअर आला. केस परत आले, गॅसपाशी उभी राहून भाकरी थापायला लागली, आम्हाला वाटलं सुटलो.

दिवाळीच्या आधी तिच्या लक्षात आलं की सुईत दोरा ओवता येत नाहीये. मग पोथीतली अक्षरं पुसट व्हायला लागली. आणि गंमत म्हणावी तर दुपारी कडक उन्हात अंगणात आली की समोर सगळं पांढरं होतं, फाटकातलं माणूस ओळखू येत नाही, आणि तेच संध्याकाळी दिवेलागणीला जरा बरं दिसतं. रात्री रिक्षातून येताना समोरच्या गाडीचा लाईट पडला की डोळ्यांवर हात धरते.

शेजारच्या काकू बघायला आल्या आणि म्हणाल्या, एवढे स्कॅन केलेत, किरणांनी डोळे जाणारच, आमच्या भावजयीचंही असंच झालं. झालं, आईच्या मनात ते घट्ट बसलं. मग तिने मला सांगितलं की पहिल्या स्कॅनला त्या बोगद्यात शिरताना एक लाल रेघ कपाळावरून डोळ्यांवर उतरली होती, तेव्हाच आत चरचरलं होतं, पण मी कुणाला बोलले नाही.

आता मानेला डाव्या बाजूला हरभऱ्याएवढी गाठ लागतेय. डॉक्टरांनी १८ डिसेंबरचा पेट स्कॅन लावलाय. आई म्हणते, गाठीनं जायचं तर जाईन, पण आंधळी होऊन तुमच्या गळ्यात पडणार नाही. हे ऐकल्यापासून मला झोप नाही. खरंच स्कॅनने डोळे जातात का हो? कुणाला अनुभव असेल, माहिती असेल तर सांगा. तिला काय सांगू?

दूरदेशी
५ डिसेंबर, सकाळी ६:४०

ताई, धीर धरा. माझ्याकडे उत्तर नाही पण इथे जाणकार आहेत, येतीलच. आईंना माझा नमस्कार सांगा.

आप्पा_नाशिक
५ डिसेंबर, सकाळी ८:०५

ताई, मी २३ वर्षं सीटी मशीनवर टेक्निशियन म्हणून काम करतोय. डॉक्टर नाही, पण मशीन रोज माझ्या हाताखाली असतं म्हणून लिहितो.

आधी त्या लाल रेघेचं, कारण मला वाटतं आईंची खरी भीती तिथेच अडकलीय. ती रेघ म्हणजे किरणं नव्हेत. ती लेझरची खूण असते. पेशंट टेबलावर मधोमध आणि सरळ झोपलाय का ते बघायला, गवंडी भिंत बांधताना दोरी ताणून धरतो ना, तशी. ती रेघ पडलेली असते तेव्हा एक्स रे सुरूसुद्धा झालेला नसतो. लेझरकडे टक लावून बघू नये एवढ्यासाठी आम्ही डोळे मिटून घ्या म्हणतो, नुसतं अंगावरून गेल्याने काही होत नाही. आणि खरा एक्स रे दिसतच नाही, त्याने चटका बसत नाही, ऊबही लागत नाही. डाय, म्हणजे फोटो नीट यावा म्हणून सुईतून देतात ते औषध, सोडल्यावर अंगभर गरम वाटतं ते त्या औषधामुळे. हे सगळं त्या दिवशी कुणीतरी दोन मिनिटं थांबून आईंना सांगायला हवं होतं. आमच्या लोकांची ही चूक आहे, बाहेर २० पेशंट बसलेले असतात आणि सांगायचं राहून जातं. तुमची पोस्ट वाचल्यावर आज सकाळी पहिल्याच आजोबांना मी आधी रेघ दाखवली आणि मग झोपवलं.

आता किरणांचं. निर्धोक आहेत असं मी म्हणणार नाही, म्हणून आकडेच देतो. आपण काहीही न करता नुसते जगतो तरी जमिनीतून, हवेतून, आकाशातून वर्षाला सरासरी २.४ मिलीसीव्हर्ट किरणं अंगावर येतात, जगाची सरासरी आहे ही. मिलीसीव्हर्ट म्हणजे अख्ख्या शरीरावरच्या किरणांचं माप. छातीच्या एक्स रेला ०.१ किंवा त्याहून कमी. पोटाच्या सीटीला ८ ते १०. पेट सीटीला सेंटरप्रमाणे आणि पद्धतीप्रमाणे १० ते २५, कारण त्यात दोन गोष्टी आल्या, सुईतून दिलेलं औषध आणि सीटी.

पण हे आकडे अख्ख्या शरीराचा हिशेब आहेत. डोळ्याचा प्रश्न वेगळा. तिथे एकच बघायचं, डोळ्यातल्या भिंगावर थेट किती पडलं. भिंग किरणांच्या बाबतीत नाजूक असतं हे खरंच आहे, हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेले लोक, चेर्नोबिल साफ करायला गेलेले कामगार यांच्यात मोतीबिंदू दिसले म्हणून तर २०११ साली किरणसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने मर्यादा खाली आणली. आता असं धरतात की भिंगाला साधारण ५०० मिलीग्रे (एखाद्या जागी शोषल्या गेलेल्या किरणांचं माप) मिळाले तर पुढे काही वर्षांनी मोतीबिंदू होण्याची शक्यता वाढते. आमच्यासारख्या कामगारांसाठी भिंगाला वर्षाला १५० मिलीसीव्हर्टची मर्यादा होती ती सरासरी २० करायला सांगितली.

पोटाच्या सीटीत किरणांचा पट्टा डोळ्याच्या जवळपास येत नाही, इकडेतिकडे उडालेलं जे काय थोडं पोचतं तेवढंच. पेट स्कॅन बहुतेक ठिकाणी कवटीच्या तळापासून मांडीपर्यंत करतात, काही ठिकाणी डोक्यापासून, पण त्यातला सीटी सहसा कमी डोसचा असतो. तीन पेट स्कॅन धरले, डोकं धरलं, तरी ५०० पासून आपण फार लांब आहोत. आणि किरणांचा मोतीबिंदू वर्षभरात असा धावत येत नाही, एवढ्या कमी डोसला तर नाहीच. आईंच्या डोळ्याला दुसरं काहीतरी कारण आहे, ते शोधा. स्कॅन थांबवू नका.

एक काम करा. सीटीच्या सीडीत शेवटी डोस रिपोर्ट नावाचं एक पान असतं. त्यावर डीएलपी, म्हणजे त्या स्कॅनच्या एकूण डोसचा आकडा, लिहिलेला असतो. पोटाच्या सीटीचा असेल तर त्या आकड्याला ०.०१५ ने गुणा, मिलीसीव्हर्टमध्ये अंदाज मिळतो. ६०० असेल तर ९. एका वहीत तारीख, कुठला स्कॅन आणि हा आकडा लिहून ठेवा.

कृष्णाकाठची
५ डिसेंबर, दुपारी १:३०

आप्पा, तुम्हाला कसं सांगू. तुमची रेघेवाली गोष्ट आईला मोठ्याने वाचून दाखवली. गवंड्याच्या दोरीचं ऐकून गप्प बसली आणि मग म्हणाली, मग चरचरलं ते काय होतं? मी म्हटलं भीती होती आई. काही बोलली नाही. पण गेल्या आठ दिवसांत पहिल्यांदा "स्कॅन नको" असं लगेच म्हणाली नाही.

गवतीचहा
५ डिसेंबर, दुपारी ३:४८

आप्पांचा अनुभव मोठा आहे, मान्य. पण मला हे फार गोड चित्र वाटतं. माझ्या मिस्टरांना मेंदूत गाठ होती, ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर फिट आली की सीटी, डोकं दुखलं की सीटी, अडीच वर्षांत मेंदूचे ११ सीटी झाले. एका ठिकाणी तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला गेलो आणि आठवड्यापूर्वीचा स्कॅन हातात असताना परत करायला लावला, म्हणे आमच्या मशीनवर पाहिजे. आज त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, वय ४४. मग याला काय म्हणायचं? सगळ्यांनाच घाबरू नका म्हणणं सोपं असतं.

आप्पा_नाशिक
५ डिसेंबर, रात्री ९:२०

ताई, तुमचा राग बरोबर आहे आणि तुमची केस वेगळी आहे. मी वर पोटाचा आणि पेटचा हिशेब दिला, डोक्याचा मुद्दाम वेगळा ठेवायला हवा होता.

डोक्याच्या सीटीत डोळे जर थेट पट्ट्यात आले तर एकेका स्कॅनला भिंगावर ३० ते ६० मिलीग्रे पडू शकतात. असे ११ म्हणजे आपण त्या ५०० च्या आसपास पोचलोच की. म्हणून नीट काम करणारा टेक्निशियन पेशंटची हनुवटी छातीकडे घेतो नाहीतर मशीनची रिंग तिरकी करतो, म्हणजे पट्टा भुवईच्या वरून जातो आणि डोळे बाहेर राहतात. तेवढ्याने डोळ्याचा डोस कितीतरी खाली येतो. काही नव्या मशीनला रिंग तिरकी होत नाही, तिथे मान नीट बसवणं हाच उपाय, शिवाय समोरून जाताना किरणं कमी करायची सोय बऱ्याच मशीनमध्ये असते. डोळ्यांवर ठेवायची बिस्मथची पट्टी काही ठिकाणी वापरतात पण तिच्यामुळे फोटो खराब होतो, म्हणून आता तज्ज्ञ बाकीचे उपाय आधी करा म्हणतात.

तैवानमध्ये डोक्या-मानेच्या गाठी असलेल्या पेशंटचा मोठा अभ्यास २०१३ साली आला होता. डोक्याचे, मानेचे सीटी परत परत झालेल्यांमध्ये मोतीबिंदू जास्त सापडले, आणि स्कॅन जितके जास्त तितका धोका वाढत गेला. तरी एकूण प्रमाण दोन्ही गटांत एक टक्क्याच्या आतच होतं, तेही लक्षात घ्या. मिस्टरांना फिट आणि सुजेसाठी डेक्सा, म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड, चालू होतं का? बहुतेक असणार. मेंदूला शेक, म्हणजे किरणांचा उपचार, दिला होता का? या दोन्हींनीही मोतीबिंदू होऊ शकतो.

पुढच्या वेळी एवढंच विचारा, की हे एमआरआयवर बघता येईल का. एमआरआय आणि सोनोग्राफीत ही किरणं नसतातच. तातडीचं असेल, रक्तस्राव बघायचा असेल तर मात्र सीटीच लागतो, तिथे अडून बसू नका. आणि प्रत्येक स्कॅनची सीडी मागून घ्याच, नुसती फिल्म नको. सीडी असली की परत करायला लावणाऱ्याला "यात काय दिसत नाही ते सांगा" असं म्हणता येतं.

गवतीचहा
५ डिसेंबर, रात्री १०:०२

डेक्सा वर्षभर चालू होतं. शेकही ३० दिवस दिला. हे डोळ्याला लागतं हे आजवर एकानेही सांगितलं नव्हतं. सीडी एकही नाही आमच्याकडे, फिल्मचं गाठोडं आहे कपाटावर. उद्या जाऊन मागते.

चष्मेवाली
६ डिसेंबर, सकाळी ७:१५

कृष्णाकाठची ताई, मी कोल्हापूरला डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. तुम्ही आईचं जे वर्णन केलंय ना, उन्हात दिसत नाही, संध्याकाळी बरं दिसतं, जवळचं वाचता येत नाही, गाडीचे लाईट फुटतात, ते वाचल्या वाचल्या मला भिंग डोळ्यासमोर आलं.

म्हातारपणाचा नेहमीचा मोतीबिंदू बहुतेक वेळा भिंगाच्या गाभ्यात पिवळट, तपकिरी होत जातो, सावकाश, वर्षानुवर्षं. आईंचा बहुतेक वेगळा असणार, भिंगाच्या मागच्या आवरणाला चिकटून, बरोबर मधोमध. दुधाच्या भांड्याला तळाशी मध्ये साय धरावी तसा. उन्हात बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी होते, मग जे काही बघायचं ते त्या सायीतूनच बघावं लागतं. संध्याकाळी बाहुली मोठी होते, बाजूने प्रकाश आत येतो, म्हणून बरं दिसतं. आणि हा भराभर वाढतो, काही महिन्यांत फरक पडतो.

या जागेवर मोतीबिंदू दोन गोष्टींनी जास्त करून होतो, एक किरणं आणि दुसरं स्टेरॉईड. मशीनमधून बघून दोघांत फरक करणं नेहमी जमत नाही, म्हणून फाईल बघायची. आर-चॉपमधला शेवटचा पी म्हणजे प्रेडनिसोलोन. सहसा रोज १०० मिलिग्रॅम, पाच दिवस, प्रत्येक केमोला. सहा केमोचे किती झाले? ३००० मिलिग्रॅम. शिवाय उलटी होऊ नये, रिअॅक्शन येऊ नये म्हणून सलाईनमधून देतात ते वेगळंच. त्यात त्या काळात शुगर वाढली असेल तर अजून भर. आईंना डायबेटिस आहे का?

स्टेरॉईडने आजार आटोक्यात आला हे विसरू नका हं. ते औषध चुकीचं दिलं असं कुणीही म्हणू नये. पण त्याने मोतीबिंदू होतो आणि डोळ्याचं प्रेशरही वाढतं हे आधी सांगून ठेवलं असतं तर आज आईंनी स्कॅनवर आळ घेतला नसता.

डोळ्याच्या डॉक्टरांकडे जाताना केमोचं डिस्चार्ज कार्ड न्या, औषधांची नावं त्यात असतात. बाहुली मोठी करून पडदा तपासायला सांगा, प्रेशर मोजायला सांगा. प्रेशर वाढलेलं राहिलं तर काचबिंदू होऊ शकतो, त्यात गेलेली नजर परत येत नाही, मोतीबिंदूत येते. थेंब टाकल्यावर चार-सहा तास अंधुक दिसतं, तेव्हा कुणीतरी सोबत असू द्या आणि गॉगल न्या. अजून एक, लिम्फोमा क्वचित डोळ्यात पण उतरतो. डोळ्यापुढे काळे ठिपके, जाळी, चमका असं काही असेल तर आठवडाभर थांबू नका.

कृष्णाकाठची
६ डिसेंबर, सकाळी ११:००

आत्ता कार्ड काढून बघितलं. प्रेडनिसोलोन १०० मिलिग्रॅम, ५ दिवस. अगदी तुम्ही लिहिलंय तसंच. मी स्वतः त्या गोळ्या दुधाबरोबर दिल्यात तिला, पाच दिवस रात्रभर जागी असायची, शुगर ३०० च्या वर गेली होती दोनदा, आधी कधीच नव्हती. ठिपके वगैरे नाहीत म्हणतेय. मंगळवारची अपॉइंटमेंट मिळाली.

माउली_कृपा
६ डिसेंबर, दुपारी १२:१९

ताई, ऑपरेशनच्या भानगडीत पडण्याआधी शुद्ध मध आणि पांढऱ्या कांद्याचा रस रोज रात्री एक थेंब डोळ्यात घालून बघा. आमच्या गावात पुष्कळांना गुण आलाय, साय विरघळते.

चष्मेवाली
६ डिसेंबर, दुपारी १२:५०

माउली, तुम्ही चांगल्या मनाने सांगताय हे दिसतंय, पण कृपा करून हे करू नका, ताई तुम्हीही नको. मोतीबिंदू डोळ्याच्या वर नसतो, आत भिंगात असतो, वरून घातलेल्या थेंबाने तो विरघळत नाही. आणि केमो झालेल्या माणसाची प्रतिकारशक्ती अजून पूर्ण भरून आलेली नसते. अशा डोळ्यात घरचा मध, कांदा, गुलाबपाणी गेलं आणि बुबुळाला जंतू लागले तर पांढरं फूल पडतं. तीन वर्षांपूर्वी असं फूल पडलेली एक मावशी माझ्या खुर्चीत बसली होती, त्यांचा मोतीबिंदू वीस मिनिटांत निघाला असता. तो डोळा परत आला नाही.

माउली_कृपा
६ डिसेंबर, दुपारी २:३३

हे मला माहीत नव्हतं. गावात सांगेन. आईंना लवकर बरं वाटो.

खारघर_लोकल
६ डिसेंबर, रात्री १०:४५

मी पेशंट आहे, म्हणून माझं पण लिहितो. तंबाखू १८ वर्षं. वरच्या जबड्याचा कॅन्सर, डावी बाजू, ऑपरेशन करून टाळूसकट हाड काढलं आणि मग शेक, ३३ दिवस. गावाकडे लाईट देणं म्हणतात त्याला. रोज सकाळी तोंडावर जाळीचा मास्क आवळून टेबलाला स्क्रू करायचे, गरम पाण्यात मऊ करून आपल्याच चेहऱ्यावर बसवलेला असतो तो. पहिल्या दिवशी वाटलं गुदमरतोय, पंधराव्या दिवशी मी त्यात झोपायला लागलो.

वरती सगळे मिली मिली लिहितायत. शेकात रोजचे २ ग्रे असतात, म्हणजे २००० मिलीग्रे, एका दिवसाचे. अर्थात ते गाठीच्या जागेवर, डोळ्यावर नव्हे, आणि कॉम्प्युटरवर आठवडाभर प्लॅन करून डोळा, डोळ्याची नस वाचवतात. पण माझी गाठ डोळ्याच्या खोबणीच्या खालीच होती. डॉक्टरांनी शेक सुरू व्हायच्या आधीच समोर बसवून सांगितलं, डाव्या डोळ्याचं पाणी आटेल, पुढे मोतीबिंदू होईल, तो काढता येईल, पण इथे कंजूषपणा केला तर गाठ परत येईल. मी म्हटलं करा. तीन वर्षांनी मोतीबिंदू झाला, काढला, आज त्या डोळ्याने मी लोकलचा इंडिकेटर वाचतो. कोरडेपणा मात्र राहिला, दर दोन तासांनी ल्युब्रिकंटचे थेंब, रात्री मलम, मोटरसायकलवर गॉगल, फॅनखाली झोपायचं नाही.

सांगायचं हे की मला आधी सांगितलं होतं म्हणून मी घाबरलो नाही. त्यानंतर मानेचे आणि छातीचे किती सीटी झाले मोजले नाहीत, एकाही वेळी नको म्हटलं नाही. दुसऱ्या वर्षी त्यातल्याच एकात मानेतली गाठ ८ मिलिमीटरची असताना सापडली. हाताला लागत नव्हती ती.

काकूंना म्हणावं मी रोज बेलापूरला कामाला जातो.

रानजाई
७ डिसेंबर, दुपारी ४:१०

माझी मुलगी दीड वर्षाची असताना बारशाच्या, वाढदिवसाच्या फोटोंत तिचा एक डोळा फ्लॅशमध्ये पांढरा चमकायचा, मांजरासारखा. आम्हाला वाटायचं फोटो खराब आलाय. रेटिनोब्लास्टोमा निघाला, डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर, लहान मुलांचाच असतो तो.

आमच्याकडे किरणांचा प्रश्न उलट्या बाजूने आला. तिच्या जीन्समध्येच दोष आहे, आरबी१ नावाचा, आणि अशा मुलांना किरणांनी पुढे दुसरा कॅन्सर व्हायचा धोका इतरांपेक्षा खूप जास्त असतो. म्हणून डॉक्टरांनी सीटी टाळून एमआरआयच केला, भूल देऊन, आणि बाहेरून शेक शक्य तोवर द्यायचा नाही असं ठरवलं. केमो, लेझर यावर भागलं. एक डोळा वाचला, दुसरा काढावा लागला. आता सहा वर्षांची आहे, पहिलीत जाते, कृत्रिम डोळा रात्री स्वतः धुते.

म्हणजे किरणांची काळजी कुठे करायची आणि कुठे नाही हे माणसागणिक वेगळं असतं. गवतीचहा ताईंनी विचारलं ते बरोबरच केलं, विचारायलाच हवं. आणि कुणाच्या बाळाच्या फोटोत एकाच डोळ्यात परत परत पांढरी चमक दिसली तर कृपया त्याच आठवड्यात दाखवा.

जांभूळवाडी
७ डिसेंबर, रात्री ८:२२

ब्रेस्ट कॅन्सर, टॅमॉक्सिफेन चौथं वर्ष. या गोळीने क्वचित पडद्यावर परिणाम होतो, मोतीबिंदू पण होऊ शकतो, म्हणून मी दरवर्षी वाढदिवसाच्या महिन्यात डोळे तपासून घेते म्हणजे विसरत नाही. आणि डोसिटॅक्सेल चालू असताना माझ्या डोळ्यांतून सतत पाणी वाहायचं, पदर ओला व्हायचा, लोकांना वाटायचं रडतेय. अश्रूंची नळी अरुंद होते त्या औषधाने. वेळेवर दाखवलं म्हणून नळी उघडी राहिली. ताई, स्कॅनशिवाय कितीतरी गोष्टी डोळ्याला लागतात बघा.

परळचा_शेजारी
८ डिसेंबर, सकाळी ९:०५

यात थायरॉईडवाले पण धरा. माझ्या बहिणीला किरणोत्सारी आयोडीन दिलं होतं परळलाच, रेडिएशन मेडिसिन सेंटरला, भाभा अणुसंशोधन केंद्राचं १९६३ पासूनचं आहे ते. शिसं लावलेल्या खोलीत एकटी ठेवली होती काही दिवस. नंतर तिचा पण एक डोळा वाहायला लागला, नळी बंद झाली होती. छोटं ऑपरेशन होऊन आता ठीक.

कृष्णाकाठची
९ डिसेंबर, रात्री ९:५६

आज जाऊन आलो. लिहिते सविस्तर, तुम्ही सगळ्यांनी एवढं केलंत.

चष्मेवाली ताई, शब्द न् शब्द बरोबर निघाला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, मागच्या बाजूला, मधोमध, उजवा जास्त. डॉक्टर बाई होत्या, वयाने माझ्याहून लहान. त्यांनी आईला त्या मशीनवर हनुवटी टेकवायला लावली, बघितलं, मग मोबाईलने मशीनमधूनच फोटो काढला आणि तिला दाखवला. नारिंगी गोल आणि मध्ये राखाडी धुरकट डाग. आई बराच वेळ बघत होती. मग विचारलं, ही ती लाल रेघ का? बाई हसल्या नाहीत, मला त्यांचं फार बरं वाटलं. त्यांनी कार्ड मागून घेतलं, गोळ्यांच्या नावाखाली पेनाने रेघ मारली आणि म्हणाल्या, आजी, या गोळ्यांनी तुमची काखेतली गाठ विरघळली आणि जाता जाता डोळ्यात एवढा डाग सोडून गेल्या. डाग मी काढते. गाठीचं ते डॉक्टर बघतील, पण त्यांना बघू तर द्या.

प्रेशर १८ आणि १९, ठीक आहे म्हणाल्या. पडदा चांगला आहे, आत लिम्फोमासारखं काही दिसत नाही. ऑपरेशन करता येईल, पण आधी मानेच्या गाठीचा निकाल लागू दे, परत केमो लागली तर पांढऱ्या पेशी बघून तारीख ठरवू. तोवर बाहेर जाताना कडा असलेली टोपी आणि गॉगल, वाचायला दिवा समोर न ठेवता मागून, खांद्यावरून.

येताना रिक्षात आईने विचारलं, स्कॅन कधी आहे म्हणालीस?

मला एक विचारायचंय. भावाचा मुलगा दोन वर्षांचा आहे, आजीला सोडतच नाही. स्कॅन करून आल्यावर त्याला जवळ घेतलं तर चालेल का? मागच्या वेळी कुणी म्हणालं आठ दिवस लांब ठेवा, म्हणून तिला वरच्या खोलीत ठेवलं होतं. तिथेच बहुतेक तिच्या मनाने घेतलं की आपल्या अंगात काहीतरी विष भरलंय.

आप्पा_नाशिक
१० डिसेंबर, सकाळी ७:५०

वाचून बरं वाटलं. त्या बाईंना माझा नमस्कार.

आठ दिवस अजिबात नाही ताई. पेटच्या सुईत साखरेसारखं औषध असतं, त्याला फ्लोरिन-१८ जोडलेलं. ते दर ११० मिनिटांनी अर्धं होतं. साधारण ११ तासांत सहा वेळा अर्धं झालं म्हणजे चौसष्टावा भाग उरला, शिवाय बरंचसं लघवीतून जातं. तेव्हा भरपूर पाणी प्यायचं, वारंवार बाथरूमला जायचं, आणि त्या दिवशी रात्रीपर्यंत लहान मूल आणि गरोदर बाई यांना मांडीवर, कुशीत घ्यायचं नाही. तुमच्या सेंटरचे लोक जो वेळ सांगतील तो पाळा. दुसऱ्या दिवशी सकाळी नातू खुशाल आजीच्या मांडीवर.

साखर तपासून जा, २०० च्या वर असेल तर स्कॅन पुढे ढकलतात आणि हेलपाटा होतो. सुई दिल्यावर तासभर शांत पडून राहायचं असतं, बोलायचं पण नाही, स्वेटर न्या, थंडी असते खोलीत. आणि आत जायच्या आधी टेक्निशियनला सांगा, की आईंना लाल रेघ आधी दाखवा.

गवतीचहा
११ डिसेंबर, संध्याकाळी ६:१५

मला ११ पैकी ७ स्कॅनच्या सीडी मिळाल्या. डोस रिपोर्ट आहे पाचांत. वही केली. मिस्टरांच्या पुढच्या तपासणीला डॉक्टरांपुढे वही ठेवली तर त्यांनी स्वतःच एमआरआय लिहिला. आप्पा, त्या दिवशी जरा तोडून बोलले, मनावर घेऊ नका.

आप्पा_नाशिक
११ डिसेंबर, रात्री ८:००

नाही हो ताई. तुम्ही विचारलंत म्हणून डोक्याच्या सीटीचं लिहायचं राहिलं नाही.

कृष्णाकाठची
१८ डिसेंबर, रात्री १०:३०

स्कॅन झाला. रिपोर्ट परवा.

मी आत जाऊन टेक्निशियनला सांगितलं, तिथला मुलगा जेमतेम पंचवीसचा असेल, त्याने आईला टेबलाशेजारी उभं केलं आणि लेझर चालू करून आपल्या हाताच्या पंजावर ती रेघ पाडून दाखवली. मग म्हणाला, तुम्ही पण हात धरा. आईने धरला. बांगडीवरून रेघ मनगटावर आली. ती म्हणाली, थंडच आहे की रे ही. मग स्वतःच चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि टेबलावर चढली.

आत्ता वरच्या खोलीत नाही, खालीच झोपलीय, हॉलमध्ये. नातवाला दारातूनच हात केला आणि सकाळी ये म्हणाली.